यकृतातली गाठ सुईने जाळायची आहे: आरएफए की मायक्रोवेव्ह?

बाबांना हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस आहे. सहामाही सोनोग्राफीत यावेळी गाठ दिसली आणि ट्रायफेजिक सीटीत (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी) कॅन्सरच निघाला. रिपोर्टातलं लिहिते: एकच गाठ, २.६ सेंमी, सेगमेंट ८, उजव्या हिपॅटिक व्हेनला (यकृतातली मोठी शीर) लागून. चाइल्ड-प्यू ए (म्हणजे यकृत अजून बऱ्यापैकी काम करतंय), प्लेटलेट ८२ हजार, पोटात पाणी नाही.

प्लेटलेट कमी आणि पोर्टल प्रेशर (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब) वाढलेलं, त्यामुळे सर्जन ऑपरेशनला राजी नाहीत. अब्लेशन करा, म्हणजे सुई घालून गाठ जाळा, म्हणाले. इथवर एकमत. पुढे एक इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुईने उपचार करणारे डॉक्टर) आरएफए, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी करंटने जाळणं, म्हणतात, दुसरे मायक्रोवेव्ह लहरींनी. दोघेही ठाम, आणि आमच्या घरातही आता दोन पक्ष पडलेत.

मला समजलंय ते असं: दोन्हींत गाठ ६० अंशांच्या वर तापवून मारतात. पण शेजारून मोठी शीर जात असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या बाजूची कड जिवंत राहू शकते. आरएफएत हा धोका जास्त. मग आमच्यासाठी मायक्रोवेव्हच बरं ना? की डॉक्टरांचा हात कशावर बसलाय ते बघायचं? शिवाय सेगमेंट ८ म्हणजे अगदी वर, छातीच्या पडद्याखाली. तिथे चटका बसला तर?

अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा. काढे-चूर्णं नकोत, त्यासाठी घरात काका आहेत.

प्रतिसाद:
आईचं मायक्रोवेव्ह झालंय, तिचीही गाठ पडद्यापाशीच होती. मशीनपेक्षा मार्जिनचं विचारा. गाठीभोवतीचं निदान ५ मिमी, जमलं तर १० मिमी चांगलं यकृतही जळायला हवं. व्हेनच्या बाजूला ते कसं साधणार, हे दोघांनाही विचारा. जो सीटी उघडून, सुई कुठून घालणार ते बोट ठेवून दाखवेल, त्याच्याकडे मी जाईन.

पडद्यासाठी पोटात द्रव सोडून यकृत आणि पडद्यात फट पाडतात. आईचं तसंच केलं. नंतर उजवा खांदा ठणकत होता, थोडा तापही होता. दोन्ही आपोआप गेलं. महिन्याने सीटी करतात. त्यात पहिल्या गाठीपेक्षा मोठा काळा डाग दिसला की आमच्यासारखे हादरू नका, तो मोठाच असायला हवा. त्याच्या कडेला काही चमकतंय का, म्हणजे गाठ कुठे जिवंत राहिलीय का, ते महत्त्वाचं.

हिपॅटायटिसची गोळी बंद करायची नाही. रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आत्ताच सांगून ठेवा, ऐनवेळी तारीख पुढे जाते.