‘डालग्रेन’ म्हणजे नुसता गांजाचा धूर? मला हे मान्य नाही

शाईपेन
कालच्या पुस्तकांच्या धाग्यावर चाळकरी यांनी लिहिलं की अमेरिकन विज्ञानकथा लेखक सॅम्युएल डिलेनीची ‘डालग्रेन’ ही कादंबरी (१९७५) म्हणजे हिप्पी जमान्यातला गांजाचा धूर, पावणेनऊशे पानांत कोंडलेला. लेखकाला गोष्ट रचता येत नव्हती, म्हणून प्रयोगाच्या नावाखाली त्याने वाचकाला फसवलं. याला दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

गोष्ट रचता येत नव्हती? विसाव्या वर्षी ज्याची पहिली कादंबरी छापून आली, पंचविशीच्या आसपास ज्याला ‘बेबल-१७’ आणि ‘द आइन्स्टाइन इंटरसेक्शन’साठी लागोपाठ नेब्युला हे विज्ञानकथांचं मोठं पारितोषिक मिळालं, त्याला? इतका पक्का हात असलेला माणूस रचना मोडतो, तेव्हा ती का मोडली एवढं तरी विचारा.

कादंबरीतलं बेलोना हे अमेरिकेच्या मधोमध वसलेलं शहर. एकेकाळी वीस लाख वस्ती, आता जेमतेम हजार. काय घडलं ते कुणालाच सांगता येत नाही. ढगांमागे एका रात्री दोन चंद्र दिसतात. वर्तमानपत्र निघतं, पण त्यावर कॉकिन्स नावाचा मालक मनाला येईल ती तारीख छापतो. नायकाला स्वतःचं नाव आठवत नाही, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. आणि ते रिचर्ड्स कुटुंब! रिकाम्या इमारतीत बाई पाहुण्यांसाठी टेबल मांडते, नवरा रोज सकाळी ऑफिसला निघतो. ते ऑफिस आहे तरी का, हे घरात कुणी विचारत नाही. सतराव्या मजल्यावरून एकोणिसाव्यावर बिऱ्हाड हलवलं की सगळं ठीक होईल असं त्या बाईला वाटतं. सामान हलवताना मुलगा लिफ्टच्या रिकाम्या विहिरीत पडून मरतो. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. यात गांजा कुठे आहे ते दाखवा.

चाळकरी
दाखवतो. डिलेनी स्वतः १९६७-६८ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये कम्यूनमध्ये, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या एकत्र बिऱ्हाडात, राहिला, त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. ‘डालग्रेन’ त्याच हवेतून आली आहे. मधली दोनशे पानं कोण कुठे झोपलं, कोण कॉफी करतंय, कोण हार्मोनिका वाजवतंय यातच जातात. मी एकटाच वैतागलो असं नाही. विज्ञानकथा लेखक हार्लन एलिसनने लॉस एंजेलिस टाइम्समध्ये तिला झोडपलं आणि तोही शेवटपर्यंत पोचला नव्हता. त्याच पठडीतल्या फिलिप डिकने तर फेकून दिली. हे काही साधे वाचक नव्हेत. लेखकाने दार उघडायचंच नाही आणि बाहेर उभ्या राहिलेल्या वाचकालाच दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

शाईपेन
थिओडोर स्टर्जन या तितक्याच नावाजलेल्या विज्ञानकथा लेखकाने तिची तोंड भरून स्तुती केली होती, ते सोयीने विसरलात. खप दहा लाखांच्या पुढे गेला. ते सगळे वाचक नशेत होते का? आणि कम्यूनचं म्हणाल, तर कादंबरीतल्या पार्कमधल्या कम्यूनचं चित्र नीट वाचा. ती मंडळी सारख्या योजना आखतात आणि एकही तडीस जात नाही. आतून पाहिलेला माणूसच असं निष्ठुर लिहू शकतो.

भटकभवानी
तुमच्या दोघांच्या भांडणात रिचर्ड्सांच्या जूनचं नावही नाही. सतरा वर्षांच्या आसपासची मुलगी, तिच्यावर जॉर्जने बलात्कार केल्याची बातमी फोटोंसकट छापली जाते, आणि मग तोच जॉर्ज शहराचा नायक होतो. त्याची पोस्टरं वाटली जातात, दुसऱ्या चंद्राला त्याचं नाव मिळतं. मी तिथे पुस्तक मिटलं. पुढे कितीही गहन असो, मला नको.

शाईपेन
ताई, तो भाग मलाही जड गेला. पण जून स्वतः जॉर्जला शोधत फिरते आणि तिचे आईबाप ते बघायला तयार नसतात. लेखक टाळ्या वाजवत नाही. तो फोटो छापणाऱ्या मालकाकडे आणि पोस्टरं वाटणाऱ्या चर्चकडे बोट दाखवतोय.

भटकभवानी
ती शोधते हे एका पुरुषाने लिहिलंय. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

मिशिगनवासी
मी इकडे मिशिगनमध्ये नव्वदच्या दशकात गाड्यांच्या कंपनीत नोकरीला आलो. ‘डालग्रेन’ नंतर वाचली आणि मला ती अजिबात अवघड गेली नाही, कारण मी बेलोना पाहिलं होतं. डेट्रॉइटच्या पूर्व भागात एका रस्त्यावर ओळीत एकच घर वस्तीचं होतं. छपरं खचलेली, खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली. त्या एका घरातले आजोबा दोन्ही शेजारच्या रिकाम्या घरांपुढचं गवत कापत होते. मी विचारलं तर म्हणाले, कुणी राहतंय असं वाटायला हवं. रिचर्ड्सबाईंचं टेबल मला तिथेच कळलं. १९६७ ला काळ्यांच्या वस्तीत दंगल झाली, ४३ माणसं मेली, लोक पळाले आणि शहर संपलं. डिलेनीने कादंबरी १९६९ ला लिहायला घेतली. यात कोडं काय आहे?

पानसुपारी
आजोबांची गोष्ट खरी असेल, पण "दंगल झाली आणि शहर संपलं" हे वाचून राहवेना. १९५० ला डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती. १९६० ला ती पावणेसतरा लाखांवर आली होती. म्हणजे दंगलीच्या आधीच दीड-पावणेदोन लाख माणसं गेली. पॅकार्डचा गाड्यांचा कारखाना पन्नाशीच्या दशकातच बंद पडला. आणि १९४१ ला एट माइल रोडजवळ एका बिल्डरने अर्धा मैल लांब भिंत बांधली, ती कशासाठी? काळ्यांची वस्ती पलीकडे आहे असं दाखवलं की गोऱ्यांच्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळायचं. हे सगळं वगळून नुसती दंगल सांगायची, म्हणजे ज्यांचं शहर सोडून दिलं त्यांच्यावरच ते जाळल्याचा आळ घ्यायचा.

मिशिगनवासी
मी कुणावर आळ घेतला नाही. जे दिसलं ते लिहिलं.

पानसुपारी
दिसलं कुठून? आपली बहुतेक मराठी मंडळी ट्रॉयला नाहीतर नोव्हायला, म्हणजे उपनगरांत. गणपतीही तिकडेच. डेट्रॉइटला जायचं ते सामना बघायला, आणि अंधाराच्या आत परत यायचं.

मिशिगनवासी
हे वैयक्तिक झालं आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. व्हिसावर आलेल्या माणसाला, पोरं शाळेत घालायची असताना, कुठे राहायचं याची फार निवड नसते. तुम्ही इथे या, एक हिवाळा काढा, मग मला भूगोल शिकवा. आकडे बरोबर आहेत, तेवढं मानतो. १९४१ ची ती भिंतही मी पाहिली आहे, त्यावर आता चित्रं काढली आहेत. पण आजोबांच्या हातातलं गवतकापणीचं यंत्र कुठल्या आकड्यात बसत नाही, आणि कादंबरी त्यावर लिहिली जाते.

पानसुपारी
मग हेही कादंबरीचंच समजा. १९६१ ला डिलेनी आणि कवयित्री मॅरिलिन हॅकर न्यूयॉर्कहून डेट्रॉइटला जाऊन लग्न करून आले, कारण तो काळा, ती गोरी, आणि त्यांच्या वयात तसं लग्न करू देणारी राज्यं मोजकीच. त्याच्या ‘नोव्हा’ या कादंबरीचा नायक काळा म्हणून ॲनलॉग या विज्ञानकथा मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल याने ती क्रमशः छापायला नकार दिला. अशा माणसाने ओस शहरावर लिहिलं, तर ते कुणी ओस पाडलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चाळकरी
धागा कादंबरीवरून डेट्रॉइटच्या महापालिकेवर गेला. रिचर्ड्स प्रकरण काल रात्री परत वाचलं. ते जबरदस्त आहे. तेवढंच वेगळं छापलं असतं तर मी दोन प्रती घेतल्या असत्या. पण शेवटचं प्रकरण? नायकाच्या वहीची उलटसुलट पानं, समासात दुसराच मजकूर, आधी काय आणि नंतर काय याचा पत्ता नाही. शेवटचं वाक्य अर्धवट तुटतं आणि म्हणे पहिल्या पानावरच्या अर्ध्या वाक्याला जोडायचं. ही चलाखी आहे.

शाईपेन
नायकाला सापडलेल्या वहीत आधीपासूनच कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि तो मजकूर कादंबरीच्या सुरुवातीशी जुळतो. तो फक्त कोऱ्या बाजूंवर लिहितो. म्हणजे आपण वाचतोय ते त्याचं की आधीच्या कुणाचं, हे त्यालाही ठरवता येत नाही. ज्याला नाव आठवत नाही, जो दिवस मोजू शकत नाही, त्याची वही ओळीने लावून दिली असती तर ते खोटं झालं असतं. एलिसन तिथवर पोचला नाही, तुम्ही पोचलात. मग समासातला मजकूर सोडून वाचलंत की धरून?

चाळकरी
सोडून. आणि सोडता येतो, हाच माझा मुद्दा आहे.