मदत हवी आहे: क्रोशाच्या नमुन्यातल्या 'ट्रेबल'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

नमस्कार मंडळी,

माझी जाऊ व्हॅलेन्सियाला असते. तिच्या शेजारच्या आजींना नातवासाठी क्रोशाचं पांघरूण विणायचंय. माझ्याकडचा ब्रिटिश नमुना मी स्पॅनिशमध्ये करून पाठवला. शब्दकोशात 'ट्रेबल' म्हणजे तिप्पट, तिहेरी, 'त्रिप्ले' असं सापडलं, म्हणून सगळीकडे 'पुन्तो आल्तो त्रिप्ले' लिहिलं. काल जावेने फोटो पाठवला. ओळी चांगल्या उंच आणि जाळीसारख्या विरविरीत! आजी दर टाक्याला सुईवर तीनदा दोरा घेत होत्या. नमुन्यात तो एकदाच घ्यायचाय, आपला साधा खांब. त्यांचं तीन दिवसांचं काम उसवावं लागलं, फार वाईट वाटतंय.

योग्य शब्द कोणता? आणि आपण किंमत 'तिप्पट' म्हणतो, वेणी 'तिपेडी', तसा फरक स्पॅनिशमध्ये आहे का?

प्रतिसाद १:
ताई, नुसतं 'पुन्तो आल्तो' लिहा. दोरा एकदा घेऊन टाक्यातून ओढला की सुईवर तीन फास दिसतात, तोच ब्रिटिश ट्रेबल. अमेरिकन नमुन्यात त्यालाच 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकन ट्रेबलला दोरा दोनदा घ्यायचा, तो स्पॅनिशमध्ये 'पुन्तो आल्तो दोब्ले'. अर्जेंटिनात आपल्या खांबाला 'बारेता' म्हणतात, पण तुमच्या आजी स्पेनच्या, त्यांना 'पुन्तो आल्तो'च कळेल. ब्रिटिश नमुन्यातला 'डबल क्रोशे'ही तपासा, तो 'पुन्तो बाखो' होतो.

फरकाचं म्हणाल तर, किंमत तिप्पट झाली की 'त्रिप्लिकार' हे क्रियापद येतं. अर्ज तीन प्रतींत द्यायचा तर 'पोर त्रिप्लिकादो'. टेपवरच्या बास-ट्रेबलच्या बटणांना मात्र 'ग्राबेस' आणि 'आगुदोस' म्हणतात, तिथे तिनाचा संबंधच उरत नाही. गाण्यातल्या सर्वांत उंच आवाजाला 'तिप्ले' म्हणतात, तो शब्द 'त्रिप्ले'चाच भाऊ. कोलंबियात त्याच नावाचं तंतुवाद्य आहे, बारा तारा, तीन-तीनच्या चार जुड्या. मला हा शब्द फार आवडतो, म्हणून जरा लांबलं.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार! काठाला डबल क्रोशे आहे आणि तिथे मी 'दोब्ले' लिहून बसलेय. आजी काठापर्यंत पोचायच्या आत दोन्ही बदलून आजच पाठवते.