मदत हवी आहे: सांगलीत घर बांधायचंय, आर्किटेक्ट + ठेकेदार की सगळं एकाच फर्मकडे?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब झालीये, पण अर्धवट लिहिलं की "प्लॉट केवढा, बजेट किती" इथंच पहिली दहा उत्तरं जातात, म्हणून सगळं एकदमच टाकतो.

शामरावनगरच्या बाजूला बाबांनी घेतलेला दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. त्यावर जी प्लस वन बांधायचंय, खाली आईबाबा, वर आम्ही, मिळून साधारण १९०० स्क्वेअर फूट. मी हैदराबादला असतो, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येणं जमेल. बाबा तिथंच आहेत पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शिडी चढून स्लॅब बघायला जाणं त्यांना होणार नाही, आणि स्वभाव असा की समोरच्यानं चहा पाजला की ते सगळ्याला हो म्हणतात. बँकेचं लोन ३० लाख होईल, बाकी आमचे साठवलेले.

तीन पर्याय समोर आहेत.

पहिला, आर्किटेक्ट. सांगलीतल्याच एक मॅडम आहेत, त्यांची दोन घरं आत जाऊन बघितली, उजेड-वारा मस्त खेळतो. फी बांधकाम खर्चाच्या ५ टक्के, आरसीसी कन्सल्टंटची (सळई-काँक्रीटचं डिझाईन करणारा इंजिनिअर) वेगळी. ठेकेदार आम्ही शोधायचा, त्या दोन-तीन नावं सुचवतील म्हणाल्या.

दुसरा, ठेकेदार. बाबांच्या मित्राचा मुलगा. विथ मटेरियल १९५० रुपये फूट, म्हणजे ३७ लाखांच्या आसपास. "काका, प्लॅन आपला इंजिनिअर काढून देतो, त्याचे पैसे नकोत, आर्किटेक्टला कशाला घालवताय." कोटेशन म्हणून जे मिळालं ते वहीच्या एका पानावर आहे, त्यात "सर्व काम चांगल्या प्रतीचे" असं एक वाक्य आहे.

तिसरा, पुण्याची एक डिझाईन-बिल्ड कंपनी, आता सांगली-कोल्हापुरातही कामं घेते. २४५० रुपये फूट अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४६ लाख ५५ हजार, वर जीएसटी ८ लाख ३८ हजार, जवळजवळ ५५ लाख. प्लॅन, आरसीसी, परवानगी, बांधकाम, सगळं त्यांच्याकडे. मोबाईलवर ॲप, रोज साईटचे फोटो, १० महिन्यांत चावी. बायकोला हे पसंत आहे आणि खरं सांगायचं तर लांब राहणाऱ्या माणसाला ते ॲप बघून मोह होतोच.

माझा प्रश्न पैशांचा कमी आणि याचा जास्त आहे: मी तिथं नसताना काम चुकतंय हे मला कोण सांगणार? कंपनीचा इंजिनिअर कंपनीच्याच कामाला नाव ठेवेल का? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज. "ज्याच्यावर विश्वास आहे त्याला द्या" असं उत्तर नको, विश्वास तिघांवरही आहे, तोच तर घोळ आहे.

गवंड्याचा_नातू

आमच्याकडं आज्ज्यापासून हाच धंदा, म्हणून बोलतो. दोन गुंठ्यात आर्किटेक्ट म्हंजे हौस. मापं घालून चार खोल्या काढायच्यात, कोण ताजमहाल बांधतंय. लेबर रेटनं द्या, सिमेंट-सळई-खडी स्वतः आणा, चोरीला जागाच उरत नाही.

कृष्णाकाठचा

@गवंड्याचा_नातू दादा, बरोबर आहे, पण मटेरियल स्वतः आणायचं म्हणजे सकाळी सहाला क्रशसँडचा डंपर आला की दारात कोण उभं राहणार? ब्रास मोजून कोण घेणार? बाबा डंपरवाल्यालाही चहा पाजतील.

गवंड्याचा_नातू

हां, मग लेबर रेट तुमचं काम न्हाई. घरातला एक माणूस रोज साईटवर पाहिजे त्याला.

प्लंबलाईन

मी साईटवरचा सिव्हिल इंजिनिअर, वीस वर्षं हेच करतोय, थोडं सविस्तर लिहितो.

आधी जमीन. शामरावनगर म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, फुटिंग (कॉलमखालचा पाया) त्याच मातीवर टेकलं तर भिंतीला तिरक्या भेगा ठरलेल्या. कडक मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं, तो सहा फुटांवर लागेल का अकरा फुटांवर हे खड्डा घेतल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. त्यामुळे कंपनीच्या कोटेशनमध्ये फाउंडेशनची खोली किती धरलीये ते आधी शोधा. एक ओळ असणारच कुठंतरी.

दुसरं, पाणी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तुमच्या गल्लीत तेव्हा किती आलं ते शेजाऱ्याच्या भिंतीवरच्या खुणेवरून मोजा आणि त्यावरून जोत्याची उंची ठरवा. प्लॉट निळ्या-लाल पूररेषेच्या (पुराचं पाणी कुठवर येतं त्याच्या सरकारी रेषा) कुठल्या बाजूला येतो हेही महापालिकेत आधीच बघून घ्या, नाहीतर प्लॅन काढून झाल्यावर कळतं. तयार पॅकेजमध्ये जोतं दोन फूट धरतात, तुम्हाला चार लागलं तर भरणी, पायऱ्या, रॅम्प सगळं वाढतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. ठेकेदाराचा "फुकट" प्लॅन फुकट नसतो, तो १९५० मध्ये बसवलेला असतो, आणि तो काढणारा इंजिनिअर ठेकेदाराचाच माणूस. महापालिकेत नकाशा सबमिट करायला आर्किटेक्ट किंवा लायसन्सवाला इंजिनिअर लागतोच, पण नकाशावर सही करणं वेगळं आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी येऊन सळई मोजणं वेगळं. तुमच्या केसमध्ये दुसरी गोष्ट करणारा माणूस हवाय. तो आर्किटेक्टचा असो नाहीतर कंपनीबाहेरचा एखादा आरसीसी कन्सल्टंट असो, त्याचे पैसे तुमच्या खिशातून गेले पाहिजेत, ठेकेदाराच्या नाही.

कृष्णाकाठचा

@प्लंबलाईन सर, तुमचं वाचून कोटेशन परत उघडलं. चौदाव्या पानावर सापडलं: "फाउंडेशन जमीन पातळीपासून ५ फूट खोलीपर्यंत समाविष्ट, त्यापुढील काम प्रत्यक्ष मापानुसार." शेजारच्या प्लॉटवर गेल्या वर्षी घर झालं, त्या काकांना फोन केला, त्यांना मुरूम ९ फुटांवर लागला. आणि जोतं २ फूटच लिहिलंय. २०१९ ला आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं!

कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, बोअर यातलं काहीच धरलेलं नाही. जिन्यावरची टोपी आणि बाल्कनी मात्र पूर्ण रेटनं मोजलीये.

शर्वरी_मिरज

आम्ही तीन वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीकडून बांधून घेतलं (नाव विचारू नका), वाईट अनुभव म्हणणार नाही. फोटो खरंच रोज यायचे, वेळही दीडेक महिना इकडेतिकडे, पण चावी मिळाली. नवरा मर्चंट नेव्हीत, मी एकटी, दोन लहान मुलं, मला गवंडी-फरशीवाला-प्लंबर यांच्या मागं फिरणं शक्यच नव्हतं. त्या हिशोबानं पैसे वसूल.

त्रास कशात झाला तर बदलात. स्वयंपाकघराची खिडकी दोन फूट सरकवायची म्हटलं तर बदलाचं वेगळं बिल आलं, कारण काय तर प्लॅन "फ्रीज" झालाय. आणि टाईल्स "५५ रुपये फुटापर्यंत" असं लिहिलं होतं, त्या भावात दुकानात जे मिळतं ते बघून सासूबाई म्हणाल्या, हे तर बसस्टँडच्या फरशीसारखं दिसतंय. वरचा फरक आम्ही भरला. तेव्हा घ्यायची असेल तर प्रत्येक वस्तूचा ब्रँड आणि भाव लिहून घ्या, "नामांकित कंपनीचे" हा शब्द दिसला की थांबा.

फोटोंबद्दल एक सांगते, बरेचसे काँक्रीट ओतल्यावरचे असतात. आत सळई कशी होती ते त्यात कळत नाही.

प्लंबलाईन

शर्वरीताईंनी मुद्द्याचं सांगितलं. ओतायच्या आधीचे फोटो मागायचे, आणि सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या कडेपासून आत धरणारे छोटे ठोकळे) आहेत का बघायचं. स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४०, फुटिंगला ५० कव्हर लागतं. ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले दिसले तर ओतकाम थांबवायचं. ॲपवर हे दिसेलही, पण थांबवा म्हणायचा अधिकार कोणाला, ते ॲपमध्ये नसतं.

@कृष्णाकाठचा पेमेंट शेड्यूल टाका ना.

कृष्णाकाठचा

बुकिंग १०, काम सुरू करताना १५, जोतं १५, पहिला स्लॅब २०, दुसरा स्लॅब २०, बाकी २० गिलावा-फरशी-रंग मिळून.

हिशेबी_बाई

बँकेत होमलोन डेस्कला होते म्हणून लगेच डोळ्यात भरलं. दुसरा स्लॅब पडेपर्यंत ८० टक्के, म्हणजे जीएसटी सोडून ३७ लाखांच्या वर तुमचे गेलेले. खर्चाच्या मानानं घर तेव्हा साधारण निम्मंच झालेलं असतं, दारं-खिडक्या, लाईट, प्लंबिंग, फरशी, रंग सगळं बाकी. आणि बँक झालेल्या कामाचं मूल्यांकन करूनच हप्ता सोडते, ॲडव्हान्ससाठी नाही. म्हणजे मधला फरक तुमच्या बचतीतून आधीच भरायचा आणि उरलेल्या कामासाठी तुमच्या हातात धरून ठेवायला काही नाही. हे शेड्यूल बदलून मागा, नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा.

जीएसटीचं पण बघा. स्वतःच्या एका घरासाठी निव्वळ मजुरीचं काम दिलं तर त्यावर जीएसटी माफ आहे, विथ मटेरियल दिलं तर १८ टक्के. ठेकेदाराचा १९५० चा रेट जीएसटीसकट का सोडून, पक्कं बिल मिळणार का, ते विचारा. नाहीतर तुम्ही ३७ आणि ५५ ची तुलना करताय, ती तुलनाच नाही.

वकीलसाहेब_नाही

नावाप्रमाणे वकील नाही, पण भाऊ आहे. रेरा-रेरा करत कोणी येईल म्हणून आधीच सांगतो, स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधून घेताना महारेरा लागू होत नाही, तो बिल्डरकडून विकत घेणाऱ्यांसाठी. तुम्हाला ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी सेवेत धरलेली आहे. पण तिथं जायला हातात करार लागतो, वहीचं पान घेऊन गेलात तर भांडण तिथंच संपलं. आर्किटेक्ट मॅडमचा काऊन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबर पण बघून घ्या, १९७२ च्या कायद्यानं तो असल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

मेघना_कोल्हापूर

आम्ही आर्किटेक्ट + वेगळा ठेकेदार असं केलं. आर्किटेक्टनं आयटमवार यादी करून दिली, खोदाई किती, काँक्रीट किती, वीटकाम किती, आणि तीच यादी तीन ठेकेदारांना दिली. तेव्हा कुठं रेट एकाशेजारी एक ठेवून बघता आले. झालेलं काम मोजायचं, रनिंग बिल, त्यावर आर्किटेक्टची सही, मग पैसे. प्रत्येक बिलातून ५ टक्के अडकवून ठेवले, एक पावसाळा गेल्यावर सोडले. गच्ची गळली होती, तेव्हा ठेकेदार दुसऱ्याच दिवशी आला बरं का, त्या ५ टक्क्यांसाठी.

पण एक गैरसमज करून घेऊ नका, आर्किटेक्टच्या फीमध्ये रोजची देखरेख नसते, ते टप्प्याटप्प्याला येतात. आमचे तर सुरुवातीला आठवण केल्याशिवाय यायचेच नाहीत. कोणत्या टप्प्यावर यायचं ते लिहूनच घ्या. रोजच्यासाठी डिप्लोमावाला एखादा मुलगा अर्धवेळ ठेवा, तुम्ही लांब आहात म्हणून तर नक्कीच.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार, बरंच डोकं साफ झालं. बायकोनंही धागा वाचला, पेमेंट शेड्यूलवर ती गप्प झाली.

सध्या असं ठरतंय: मॅडमना आर्किटेक्ट म्हणून घ्यायचं, आरसीसी कन्सल्टंटची नेमणूक आपणच करायची, आयटमवार यादी करून बाबांच्या मित्राच्या मुलासकट तिघांकडून रेट मागवायचे, आणि रोजच्यासाठी सुपरवायझर. फी, सुपरवायझर धरून कंपनीपेक्षा फार स्वस्त पडेल असं नाही, पण बिलावर सही करणारा माणूस तरी वेगळा असेल. कंपनीलाही बदललेलं शेड्यूल पाठवलंय, उत्तर येईपर्यंत तो दरवाजा बंद नाही.

आता अडलंय ते भलत्याच ठिकाणी. बाबा म्हणतात मित्राच्या पोराला यादी भरून द्यायला कसं सांगायचं, त्याला वाटेल आपल्यावर विश्वास नाही. करार म्हटलं तर विषयच संपला.

हिशेबी_बाई

बँकेवर ढकला! "बँक सहीचं एस्टिमेट आणि करार मागतेय, आमचाही नाईलाज आहे" म्हणा. एस्टिमेट तर आम्ही खरंच मागतोच, खोटं काही नाही त्यात. आमच्या शाखेच्या नावानं सांगलीत कितीतरी नाती टिकली असतील.

गवंड्याचा_नातू

ह्ये ब्येस सांगितलं ताईंनी. आणि तो खरंच काम करणारा असेल तर यादी भरून दील, बिनयादीचं काम आम्हालापण नंतर भांडणाचंच होतं. आर्किटेक्टबद्दल माझं मत तेच हाय, पण तुमची गरज वेगळी हाय हे पटलं.

कृष्णाकाठचा

बाबा बँकेच्या कारणावर लगेच तयार झाले 😄

एक शेवटचं, @प्लंबलाईन सर, माती तपासणीवाला पुढच्या आठवड्यात येतोय. पावसाळ्याआधी निदान फुटिंग उरकून घ्यावं का? बाबांना अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हवाय.

प्लंबलाईन

मुहूर्ताला नारळ फोडा, कुदळ मारा, पूजा करा. खोदाई नको. आरसीसी ड्रॉइंग हातात नाही, परवानगी नाही, आणि काळ्या मातीत ९ फुटांचे खड्डे उघडे असताना वळवाचा एक पाऊस आला तर कडा ढासळून परत खोदायचं, वर पाणी उपसायचं. मातीची तपासणी, प्लॅन, यादी, रेट, करार यात पावसाळा आरामात जातो. दसऱ्यानंतर जमिनीला वापसा आला की खोदा, जोतं दिवाळीनंतर होईल. जोत्याच्या आत भरायला तिथलीच उपसलेली काळी माती वापरू देऊ नका, मुरूमच भरा आणि तो यादीत वेगळा आयटम म्हणून लिहा.