गोव्याच्या उकाड्यात टिकणारं व्हेगन बटरक्रीम कुणी केलंय का?

फोंड्याची_केकवाली:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला घरीच केकच्या ऑर्डरी घेते. भावाची मुलगी गेल्या वर्षीपासून व्हेगन झाली, म्हणजे दूध तूप लोणी मध काहीच नाही. येत्या शुक्रवारी तिचा १८ वा वाढदिवस आहे आणि केक आत्यानेच करायचा असं तिने सांगून ठेवलंय. केकची काळजी नाही, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घालून चॉकलेट स्पंज मस्त फुगतो. सगळा घोळ क्रीमचा आहे. पहिल्यांदा घाण्यावरचं खोबरेल थोडं फ्रिजमध्ये घट्ट करून त्यात आयसिंग शुगर फेटली, फ्रिजमधून काढलं तेव्हा सुंदर दिसत होतं आणि वीस मिनिटांत केकच्या बाजूने ओघळून ताटात आलं, वर वास असा की मुलगा म्हणाला आई हे केसांना लावायचं तेल आहे. दुसऱ्यांदा बाजारातलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम आणलं, ते छान उभं राहिलं पण भाचीने पाकीट वाचून सांगितलं की आत्या हे नाही चालणार. नॉन-डेअरी लिहिलंय मग का नाही चालणार तेच मला कळेना. माझ्या स्वयंपाकघरात एसी नाही, दुपारी ३१-३२ डिग्री सहज होतं. आणि केक म्हापशाला न्यायचाय. काय वापरू? पोरगीला नुसता साखर भुरभुरलेला केक द्यायचा नाहीये मला.

पणजी_लेबलवाचक:
ताई, भाचीचं बरोबर आहे. नॉन-डेअरी व्हिपमध्ये पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, ते दुधाचंच प्रोटीन. तेल पामचं असलं तरी फेस धरायला ते घालतात. हिरव्या ठिपक्यावरही जाऊ नका, तो फक्त शाकाहारी सांगतो, दूध त्यात चालतं. आपल्याकडे शिवराक म्हणजे शाकाहारी म्हटलं की दहीतूप आलंच ना, तसंच. व्हेगनसाठी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, वेगळं चिन्ह आहे, २०२२ च्या नियमांतलं, हिरवं व्ही आणि त्यावर पान. ते नसलं तर घटकांची यादी आणि तिच्याखालची ॲलर्जीची ओळ वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट यातलं काही दिसलं की ठेवून द्या. बेकरीच्या मार्जरीनमध्येही काहींत मिल्क सॉलिड्स असतात, सगळंच मार्जरीन व्हेगन असतं हा मोठा गैरसमज आहे.
अजून दोन गोष्टी. लाल-गुलाबी रंगात आयएनएस १२० असेल तर तो किड्यांपासून काढलेला रंग. आणि वर टाकायच्या चमकदार गोळ्यांवर ९०४ म्हणजे लाखेचा थर असतो, ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण. क्रीम जिवापाड मेहनतीने व्हेगन करायचं आणि वर या गोळ्या टाकायच्या, असं होताना मी पाहिलंय.

मडगाव_ओव्हन:
मी गेली सहा वर्षं मडगावात ऑर्डरीवर केक करते, त्यातले बरेच व्हेगन असतात. तुमचं खोबरेल का वितळलं ते आधी सांगते म्हणजे पुढचं पटेल. खोबरेल साधारण २४ डिग्रीला वितळतं. तुमचं स्वयंपाकघर ३१. म्हणजे ते क्रीम फ्रिजच्या बाहेर उभं राहणारच नव्हतं, कितीही साखर घाला. थंड देशातल्या रेसिपीत खोबरेल चालतं कारण त्यांच्या घरात ते घट्टच असतं, ती रेसिपी आपण इकडे जशीच्या तशी उचलतो आणि मग आपल्याच हाताला दोष देतो. गोव्यात व्हेगन बटरक्रीम म्हणजे पहिल्यांदा फॅट कोणतं आणि ते किती डिग्रीला वितळतं हा प्रश्न, चव त्याच्यानंतर.
मी वडीच्या रूपात मिळणारं व्हेगन बटर किंवा मार्जरीन घेते, साधारण ८० टक्के फॅटवालं. डबीतलं पावाला लावायचं मऊ स्प्रेड घेऊ नका, त्यात पाणी जास्त असतं, क्रीम फाटतं. २०० ग्रॅम फॅटला ४०० ग्रॅम आयसिंग शुगर. घरी मिक्सरला दळलेली साखर नको, विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लॉवर असतं म्हणून गुठळ्या होत नाहीत आणि आपल्या दमट हवेत ती जरा तग धरते. दूध म्हणून सोया किंवा बदाम, एकदोन चमचे, तेही एकेक चमचा करत. खोबरेल घालायचंच असेल तर रिफाइंड, बिनवासाचं. आणि मीठ चिमूटभर, त्याशिवाय मार्जरीनची चव जिभेवर नुसती तेलकट बसते.
सकाळी सहाला फेटा. खरंच सांगते, दुपारी करूच नका.

डिचोलीची_माई:
बाय, मी केकवाली नव्हे पण घरात नारळाचा रस काढण्यात जन्म गेला म्हणून लिहिते. आपलं दोदोल बघ, नारळाचा रस, तांदळाचं पीठ आणि माडाचा गूळ, त्यात दुधाचा थेंब नाही की अंडं नाही. म्हणजे हे व्हेगन आपल्या घरात आधीपासून होतंच, नाव नव्हतं एवढंच. माझी सून पीठ शिजवून क्रीम करते ते तसलंच आहे. ४० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साखर कोरडीच मिसळायची, त्यात २४० मिली दाट रस, म्हणजे पहिला, पाणी न घालता जवळजवळ पिळलेला, हळूहळू घालत गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर सतत ढवळायचं, डाव फिरवला की तळ दिसला पाहिजे इतकं घट्ट. नुसता रस उकळला की फुटतो ते तुला ठाऊक आहेच, मैदा असला की तो फुटत नाही. मग वर प्लास्टिक चिकटवून पूर्ण गार करायचं, साय धरता कामा नये. सव्वादोनशे ग्रॅम ते व्हेगन बटर वेगळं फेटायचं आणि त्यात हे चमच्याचमच्याने. खीर जराही गरम असली तर सगळं पातळ होतं गो, एकदा झालंय आमच्याकडे. गोड कमी लागतं, हलकं असतं. पण ताज्या नारळाचा रस आहे, फ्रिजबाहेर फार वेळ ठेवू नको, आंबतो.

मडगाव_ओव्हन:
माईंची पद्धत चवीला माझ्यापेक्षा चांगली आहे हे मी मान्यच करते, पण म्हापशापर्यंतच्या प्रवासाला ती मऊ पडेल. मी ते क्रीम मधल्या थरांत भरते आणि बाहेरून साखरेचं घट्ट क्रीम.

सत्तरीचा_कुळागरवाला:
एक वेगळंच सुचवतो, हसू नका. भिरंडेल. भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आपल्या आज्या टाचा फुटल्या की लावायच्या ते मुठीएवढे गोळे. ते ३८ ते ४० डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणजे ३२ च्या खोलीत ते दगडासारखं असतं. रचना कोको बटरशी इतकी जुळते की युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी थोडं वापरायला मान्यता असलेल्या फॅटमध्ये कोकमाचं नाव आहे. आमच्या कुळागरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, भिरंडीची झाडं आहेत, आमसुलं करून बिया उरतातच, त्यामुळे मी दोन वर्षं यावर प्रयोग करतोय.
२०० ग्रॅम फॅटमध्ये २५ ग्रॅम भिरंडेल पुरे. ते तेवढ्याच, म्हणजे २५ ग्रॅम, रिफाइंड खोबरेलात वितळवा, कोमट आणि पातळ असतानाच १५० ग्रॅम फेटलेल्या बटरमध्ये मशीन चालू ठेवून बारीक धारेने सोडा. बटर फ्रिजमधलं थंडगार असेल तर भिरंडेल लगेच गोठतं आणि दाणे दाणे लागतात, तर बटर मऊ हवं पण वितळलेलं नको. ३० ग्रॅमच्या वर जाऊ नका, भिरंडेल तोंडाच्या उष्णतेलाही पटकन वितळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं. आणि टाचेला लावायचा घरचा गोळा केकात घालू नका, त्याला वास असतो, साफ केलेलं खाण्यायोग्य असं लिहिलेलं घ्या.

फोंड्याची_केकवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री आणि आज पहाटे दोन्ही करून पाहिलं. आधी सांगते बाजारात काय झालं, तीन दुकानं फिरले, दोन मार्जरीनच्या मागे दुधाची ओळ सापडली, तिसऱ्याच्या पाकिटावर ते व्ही आणि पान होतं ते आणलं. खाण्याचं भिरंडेल ओळखीच्या एकांकडे मिळालं.
सत्तरीच्या दादांचं माप तंतोतंत घेतलं पण पहिल्या वेळी दाणे आलेच, बटर थंड होतं माझं. मग भांडं कोमट पाण्यात अर्धं मिनिट धरून परत फेटलं आणि एकदम रेशमासारखं झालं. त्यात ४०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम चाळलेली कोको पावडर, मीठ, दोन चमचे सोया दूध. एका वाटीत गुलाब काढून ओट्यावर ठेवला. साडेबारा वाजता पाकळ्या तशाच उभ्या, बोट लावलं तर चमक आलेली होती पण आकार सुटला नव्हता. मला डोळ्यात पाणी आलं खरंच, चार दिवस याच्यामागे होते.
माईंचं क्रीम मी पांढऱ्या साखरेऐवजी अर्ध्या मापाला माडाचा गूळ घालून केलं, दोदोलचं लिहिलं होतंत ते डोक्यातून जाईना. रंग कॉफीसारखा येतो. ते आत भरणार, मडगावच्या ताईंनी सांगितल्यासारखं. एकच विचारायचं, म्हापशाला पोचून कापायला दोन तास जातील, तोवर फ्रिजमध्ये की बाहेर?

मडगाव_ओव्हन:
फ्रिजमध्येच, आत रस आहे. कापायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, नाहीतर भिरंडेलामुळे क्रीम सुरीखाली तडकेल. आणि गाडीत केक पायाशी सपाट जागेवर ठेवा, मांडीवर नको, अंगाची ऊब लागते.

डिचोलीची_माई:
गुळाचं चांगलं सुचलं गो तुला. गूळ चुलीवर रसात घालण्याआधी वितळवून गाळून घे, कधी कधी त्यात रेव असते. भाचीला माझ्याकडून आशीर्वाद सांग.