शब्दचर्चा : ‘सप्लाय चेन’ला ‘पुरवठा साखळी’ म्हणावं का?

प्रश्न (रावेर तालुका)

मंडळी, नमस्कार. आमच्या केळी उत्पादकांच्या गटासाठी मी एक मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. घड कापल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात फणी पडेपर्यंत काय काय घडतं, एवढाच विषय. मथळ्यात सरळ ‘केळीची पुरवठा साखळी’ लिहिलं. शब्द रूढ आहे, वर्तमानपत्रांत रोज दिसतो. पण मसुदा वाचताना आमचे आबा पहिल्याच ओळीवर थांबले. म्हणाले, “पुरवठा म्हटलं की मला तहसीलची पुरवठा शाखा दिसते. आपण माल देणार आहोत की घेणार आहोत?”

मला उत्तर सुचलं नाही. पाणीपुरवठा, वीजपुरवठा, पुरवठा अधिकारी, सगळीकडे वरून सुटतं आणि आपल्यापर्यंत येतं. इथे तर सुरुवात आपल्या बागेतून आहे. दुसरा शब्द आहे का? आणि ‘ट्रॅकिंग’, ‘रिटर्न’, ‘कोल्ड चेन’ यांना तुम्ही काय म्हणता?

भुसावळहून

ताई, आबांना खटकलं ते बरोबर खटकलं, पण दोष शब्दाचा नाही. पुरणे, त्यावरून पुरवणे, त्यावरून पुरवठा. कमी पडू न देणं हा मूळ भाव. लेकरांचे हट्ट आपण पुरवतो, लग्नघरी भांडीकुंडी पुरवतो. रेशनच्या काळात सरकारी कागदांनी हा शब्द इतका वापरला की देणारा म्हणजे सरकार असाच अर्थ डोक्यात बसला. शेतकरी हाच पुरवणारा, हे आता लिहून लिहूनच परत रुजवावं लागेल.

‘साखळी’ संस्कृत ‘शृंखला’वरून आली. आमच्या लेवा बोलीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया, तशी आजीच्या तोंडी ती ‘साखयी’ होती.

माझी अडचण वेगळी आहे. साखळीत कड्या दिसतात, माणसं दिसत नाहीत. जुने शब्द आठवून बघा : अडत्या, मापाडी, हमाल, मुकादम, हुंडेकरी. प्रत्येक शब्दात एक माणूस उभा आहे. हुंडेकरी म्हणजे ठरलेल्या रकमेत माल मुक्कामी पोचवण्याचा ठेका अंगावर घेणारा. आता तो शब्द बहुतेकांना आडनाव म्हणूनच माहीत आहे. आजची ‘लॉजिस्टिक्स’ कंपनी काम तेच करते, पण माल हरवला तर जाब कुणाला विचारायचा हे त्या शब्दातून कळत नाही. दोन वर्षांपूर्वी मी पंपाचा एक सुटा भाग मागवला. ॲपवर अकरा दिवस ‘मार्गस्थ’ एवढंच दिसत होतं. फोनवर दर वेळी नवा आवाज. शेवटी तो भाग इथल्याच गोदामात, एका चुकीच्या गठ्ठ्याखाली निघाला. शोधून दिला तो तिथल्या हमालभाऊंनी, खोक्यावर लिहिलेलं माझं नाव वाचून.

जळगावहून

मी पाइपांच्या गाड्या रवाना करण्याच्या कामावर आहे. ‘डिस्पॅच’ला ‘रवानगी’ हा अस्सल शब्द आहे, तो सोडू नका. ‘ट्रॅकिंग’ला काही जण ‘माग’ सुचवतात. माग चोराचा काढतात हो. आमच्या ड्रायव्हरला ‘तुझा माग काढतोय’ म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, आणि वाटायलाच हवं. आम्ही ‘गाडी कुठे पोचली?’ किंवा ‘लोकेशन टाक’ म्हणतो. ‘लोकेशन’ आता मराठीच समजा. पावतीला अजूनही ‘बिल्टी’.

ताज्या केळीला ई-वे बिल, म्हणजे माल नेतानाचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही, आमच्या पाइपांना लागतं. त्याची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरतात. वाटेत टायर फुटला, घाटात गाड्या अडकल्या, तरी मुदत सरकतच राहते. ती वाढवून घेता येते, पण त्यासाठी रात्री दोनला फोन येतो तो मलाच.

सावद्याहून

एक कळकळीची विनंती : ‘रिटर्न’ला ‘वापसी’ लिहू नका. आपल्या केळीच्या बाजारात नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे पिलावर, जुन्या झाडाच्या बुडातून फुटलेल्या कोंबावर, धरलेला, आणि वापसी म्हणजे हलका, निवडीत मागे पडलेला माल. पत्रकात ‘वापसी’ दिसली की शेतकरी आधी आपला भाव पडला असंच समजेल. त्यात शेतातला ‘वापसा’, म्हणजे ओल बेताची होऊन जमीन मशागतीजोगी होणं, आणखी निराळा. ‘परत आलेला माल’ एवढं साधं लिहा.

‘कोल्ड चेन’ला ‘शीतसाखळी’ चांगला आहे, लसीकरणामुळे गावोगावी पोचलेला. फक्त केळीबाबत एक ओळ जोडा : थंड म्हणजे कितीही थंड नव्हे. साधारण १३ अंशांच्या खाली उतरलं की हिरवी साल आतून काळवंडते, मग केळ नीट पिवळं होत नाही.

धुळ्याहून

‘डिसरप्शन’ला ‘व्यत्यय’ लिहितात, तो सभेत येतो. मालाचा होतो तो खोळंबा. २३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं, सहा दिवस मागच्या जहाजांची रांग लागली. हा खोळंबाच. आणि त्यापायी बाजारात माल कमी आला की तुटवडा. दोन्ही शब्द वेगळे ठेवा; पहिला वाटेत होतो, दुसरा दुकानात.

रावेरहून परत

सगळ्यांचे मनापासून आभार. मथळ्यासाठी ‘केळीची वाट’ सुचलं होतं. आबा म्हणाले, लोक ‘वाट लागली’ वाचतील. म्हणून मथळा ‘घड ते गिऱ्हाईक’ केला. ‘पुरवठा साखळी’ आत ठेवली आहे, पण पहिलंच वाक्य ‘पुरवणारे आपण’ असं आहे. भुसावळच्या दादांचं ऐकून प्रत्येक टप्प्याला कामाऐवजी माणसाचं नाव देते आहे : कापणारा, वाहणारा, गाडी भरणारा, चालक, वखारीत पिकवणारा.

एका ठिकाणी मात्र अडले. घडाच्या दांड्यापासून फण्या सोडवून हौदात धुणाऱ्या बाया असतात. दिवसभर हात पाण्यात, लुगड्यावर चिकाचे न जाणारे डाग. निर्यातीच्या खोक्यात जाणारी प्रत्येक फणी त्यांच्या हातून जाते, दबलेलं बोट त्याच बाजूला काढतात. मजुरीच्या वहीत त्यांच्यापुढे नुसतं ‘बाया’ लिहिलेलं आहे. तुमच्या गावात या कामाला, या बायांना, काही शब्द आहे का?