मदत हवी आहे : पिचर मुलींच्या हाताचा स्पीड वाढवायचाय, अ‍ॅक्शन बिघडू न देता

नमस्कार मंडळी, मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटी शिकवतो. गोव्यात खेळ म्हटला की फुटबॉल नाहीतर क्रिकेट, सॉफ्टबॉलवाल्यांनी मैदानाचा उरलेला कोपरा घ्यायचा, तरी आठवी-नववीच्या मुलींची बऱ्यापैकी टीम जमलीय आणि त्यात दोघी पिचिंग करतात, म्हणजे बॅटरला अंडरआर्म बॉल टाकतात. प्रश्न त्यांचाच आहे.

पहिली उंच, क्रिकेटमध्ये फास्ट बॉलिंग करायची. हात जोरात फिरवते पण बॉल सुटताना कोपर बरगडीपासून लांब जातं, डावा पाय सरळ रेषेत न पडता उजवीकडे आडवा पडतो, मग बॉल एकदा बॅटरच्या अंगावर तर एकदा कॅचरच्या डोक्यावरून. चार बॉल झोनबाहेर गेले की बॅटरला फुकट बेस, असे बेस देऊन देऊन इनिंग संपतच नाही. हल्ली खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणते. दुसरी एकदम उलटी, अ‍ॅक्शन बघत राहावी अशी, स्ट्राइक म्हणजे झोनमधले बॉल मागाल तेवढे टाकेल, पण बॉल हवेत लोंबतो आणि बऱ्या टीमच्या मुली आरामात मारतात.

एका कॅम्पमध्ये दोघींना शिकवलेलं की बॉल सोडल्यावर मनगट मुडपायचं आणि कोपर हनुवटीसमोर आणून थांबायचं. तेव्हापासून रोज मनगटाचे फ्लिक चाललेत, त्याने स्पीड वाढलेला काही दिसत नाही. आता विचारायचं असं की हे फ्लिक चालू ठेवू का, जड बॉल द्यावा का, रोज किती बॉल टाकून घ्यावे, आणि पावसात काय करावं? जूनपासून चवथीपर्यंत आमचं मैदान म्हणजे तांबडा चिखल, आत एक छोटा हॉल आहे तेवढाच. आम्ही 43 फुटांवरून म्हणजे 13.11 मीटरवरूनच टाकून घेतो, बॉल नेहमीचा 12 इंची.

मडगावकर : सर, मी जळगावला असताना बरीच वर्षं पिचिंग केलंय, आता इथे नोकरीला आहे, जमेल तसं सांगतो. पहिल्या मुलीचं पिचिंग आधी थांबवा. अंडरआर्म आहे म्हणजे खांद्याला काही होत नाही हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. विंडमिलमध्ये, म्हणजे पवनचक्कीसारखा हात गोल फिरवून टाकताना, हात खाली येतो तेव्हा खांदा सांध्यातून बाहेर ओढला जातो आणि ती ओढ जवळजवळ खेळाडूच्या वजनाइतकी असते असं मोजलेलं आहे, त्यात दंडाच्या बायसेप्सची शीर पुढून ताणली जाते. पुढच्या बाजूला दुखणं म्हणजे बहुतेक वेळा तीच. डॉक्टरला दाखवा, बाम चोळून मॅचला उभी करू नका.

आता अ‍ॅक्शन. हनुवटीसमोर कोपर आणायची पद्धत सोडून द्या असं माझं स्पष्ट मत. कुठल्याही मोठ्या पिचरचा स्लो मोशन व्हिडिओ थांबवून थांबवून बघा, बॉल सुटताना ती मनगट मुडपत नाही, तिचा हात कोपरापासून आतल्या बाजूला वळतो आणि बॉल सुटल्यावर आपसूक पोटासमोरून निघून जातो. हात मागून खाली येताना, सेकंड बेसकडे म्हणजे पाठीमागे असतो ना तेव्हा, तळहात वरच्या बाजूला किंवा थर्ड बेसकडे म्हणजे तिच्या उजवीकडे असावा, जमिनीकडे नाही. कोपर किंचित वाकलेलं आणि सैल. मग मनगटाच्या वरचा भाग कमरेला हलकासा घासतो आणि तिथेच बॉल सुटतो. पहिलीचं कोपर लांब जातं कारण आडव्या पडलेल्या पायामुळे कंबर तिच्याच वाटेत येते, हाताला वळसा घालून जावं लागतं. तेव्हा हात दुरुस्त करत बसू नका, पाय दुरुस्त करा. पिचर उभी राहते त्या प्लेटच्या मध्यापासून कॅचरपर्यंत चुन्याची रेघ मारा, डावा पाय रेघेवर पडला पाहिजे, बोटं थोडी थर्ड बेसकडे वळलेली, आणि पाय टेकतो त्या क्षणी हात डोक्यावरून नुकता खाली यायला लागलेला असावा. मागच्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत आला पाहिजे, उचलून परत रोवला तर तो क्रो हॉप, अंपायर इल्लिगल पिच देणारच.

फोंड्याची फिजिओ : वरच्या दुखण्याच्या मुद्द्याला शंभर टक्के दुजोरा. एक विचारते, ही मुलगी पिचिंग करत नसते तेव्हा कुठे उभी राहते? शाळेच्या टीममध्ये जिचा हात जोरात तिलाच थर्ड बेसला नाहीतर शॉर्टस्टॉपला टाकतात, म्हणजे पिचिंगची विश्रांती ओव्हरहँड थ्रो करत घेतली जाते. अमेरिकेतले स्पोर्ट्स मेडिसिनवाले 13-14 वयाला एका मॅचमध्ये 80 आणि दिवसात 115 पिच ही हद्द सांगतात. माझ्या मते शाळेतल्या मुलीला त्याच्याही आतच ठेवावं, कारण आपल्याकडे स्पर्धा दोन-तीन दिवसांत गुंडाळतात आणि एकच मुलगी सगळ्या मॅच टाकते. मोजायला एक जण वही घेऊन बसवा, वॉर्मअपचे बॉल पण धरा.

जुना खेळाडू, वास्को : आमच्या वेळी असलं काही नव्हतं, रोज फ्लिक मारायचो, कुणाचा खांदा गेला नाही. आणि जपानची पिचर युकिको उएनो हिने 2008 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत 413 बॉल टाकून जपानला गोल्ड दिलं ना? पोरांना जास्त जपलं की ती नाजूकच होतात.

मडगावकर : दादा, उएनो तेव्हा 26 वर्षांची होती आणि तिच्या पायांची ताकद बघा जरा, ही नववीतली पोर आहे. आणि ज्यांचे खांदे गेले ते खेळ सोडून गेले, ते इथे लिहायला कशाला येतील.

दुसऱ्या मुलीचं राहिलंच. तिला स्ट्राइक टाकायची सवय लागलीय म्हणून ती नेम धरते, आणि नेम धरला की हात आपोआप ब्रेक लावतो. तिला काही दिवस कॅचर, स्ट्राइक झोन काहीच देऊ नका. मच्छीमाराकडून जुनं जाळं आणा, हॉलमध्ये दोरीवर सैल सोडा आणि चार-पाच पावलांवरून पूर्ण जोरात त्यात मारायला लावा, बॉल कुठेही जाऊ दे. ओला टॉवेल झटकतो तसा हात सैल पाहिजे, मूठ आवळून खांद्याने ढकलला तर स्पीड येत नाही. दुसरं म्हणजे पुढचा पाय. टेकल्यावर तिचा गुडघा मऊ पडून अंग पुढे वाकत असेल तर पायातला सगळा जोर तिथेच जिरतो. पुढचा पाय घट्ट, छाती उभी, मग हात सुटतो. मी तरी स्पीड शोधायला आधी पायच बघतो. आणि थोडे दिवस 40 फुटांवर आणा, अमेरिकेत 12 वर्षांखालच्यांना तेवढंच अंतर असतं, त्यात कमीपणा काही नाही. जड बॉल या वयात नको. हॉलमध्ये मोजे गुंडाळून केलेले बॉल चालतात, भिंत पण फुटत नाही.

फोंड्याची फिजिओ : जिम नसली तरी चालेल. स्क्वॉट, एका पायावर उड्या, लांब उडी, प्लँक, रबर बँडने खांदा मागे ओढायचे व्यायाम. पावसाचे महिने यालाच द्या.

डिचोलीचा पीटी (मूळ धागाकर्ता) : सगळ्यांना देव बरें करूं. पहिलीला घेऊन तिची आई डॉक्टरकडे जाऊन आली, बायसेप्सचीच शीर सुजलीय, सध्या बॉल पूर्ण बंद. आणि हो, फिजिओताई, ती थर्ड बेसलाच उभी असायची, तिथूनही काढली. वास्कोच्या दादांचा मान राखून सांगतो, फ्लिक पण बंद केलेत.

दुसरीचा मोबाइलवर स्लो मोशन घेतला बाजूने, गुडघा तुम्ही म्हणता तसाच बसतो. जाळं पण मिळालं, चपोऱ्याच्या एका दर्यावर्दी पालकाने दिलं, वास घालवायला दोनदा धुवावं लागलं. त्यात मारताना बॉलचा आवाजच वेगळा येतो, पण समोर कॅचर बसवली की परत हात हळू. हे जाळ्यातून कॅचरवर आणायचं कसं, हळूहळू अंतर वाढवत की एकदम?

मडगावकर : कॅचर बसवा पण ग्लोव्ह मधोमध धरून हलवायचा नाही आणि स्ट्राइक-बॉल कुणी ओरडायचं नाही. पहिले दहा जाळ्यात, पुढचे पाच कॅचरला, परत जाळ्यात. कॅचरला मास्क घालायला विसरू नका, सुरुवातीला बॉल कुठेही जाणार आहेत. चेंजअप म्हणजे मुद्दाम हळू टाकून फसवायचा बॉल वगैरे त्यानंतर, वर उठल्यासारख्या वाटणाऱ्या राइज बॉलचं तर नावच काढू नका इतक्यात. आणि पुढचा व्हिडिओ समोरून घ्या, म्हणजे पाय रेघेवर पडतो का ते कळेल, इथे टाकलात तर बघून सांगतो. तोंड झाकून टाका मात्र, शाळेतली मुलगी आहे.