वाळूचा साचा छापायचा की लाकडाचा पॅटर्न करायचा?

शिरोलीकर
गेल्या महिन्यात हातातला जॉब गेला. पंपाची केसिंग (बाहेरचं कवच), एसजी ५००/७ (आत ग्राफाइटचे गोळे असलेलं चिवट बीड, ताकद ५०० मेगापास्कल), सॅम्पलचे फक्त चार नग. पॅटर्न (वाळूत ठसा उठवायचा लाकडी नमुना) आणि तीन कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, करायच्या पेट्या) करून पहिलं ओतकाम व्हायला पाच आठवडे लागतील म्हणालो, तर पार्टीनं ड्रॉइंग परत मागून घेतलं. नंतर कळलं की बाहेरच्या एका फौंड्रीनं ते काम बारा दिवसांत दिलं. पॅटर्न केलाच नव्हता, वाळूचा साचा थेट प्रिंट केला होता.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळूचा साधारण ०.३ मिमीचा थर अंथरायचा, ड्रॉइंगप्रमाणे हवं तेवढ्याच जागी बाइंडर (वाळू धरून ठेवणारा चिकट द्रव) फवारायचा, त्यावर पुढचा थर. शेवटी सुटी वाळू झटकली की साचा तयार. या पद्धतीचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटीत, पेटंट १९९३चं. म्हणजे नवलाई म्हणावी असंही काही नाही. पॅटर्न वाळूतून उचलायला टेपर (बाजूंना थोडा उतार) लागतो, तो इथं लागत नाही; उचलायला पॅटर्नच नसतो. चार कोअर चिकटवत बसायच्या जागी एक सलग कोअर निघते.

आपल्या कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले एवढ्या पट्ट्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून एक मशीन घ्यावं असं माझं म्हणणं आहे. पाच वर्षांत लाकडी पॅटर्न म्युझियममध्ये जाईल. शिव्या घाला, पण कारणासकट.

भट्टीवाला आण्णा
शिव्या नाही, हिशेब घालतो. ३०० मिमी उंचीचा साचा म्हणजे हजार थर. थराला वीस सेकंद धर, साडेपाच तास गेले. माझी लाईन अर्ध्या मिनिटाला एक साचा टाकते. ढिगानं नग मागणाऱ्या ब्रेक ड्रमवाल्याला हे मशीन दाखवलंस तर चहा पाजून वाटेला लावंल.

शिरोलीकर
आण्णा, ब्रेक ड्रमचा विषय काढलाच नाही मी. चार नगांचं बोलतोय. आणि त्या साडेपाच तासांत एकच कोअर निघत नाही, पेटीत मावतील तेवढ्या सगळ्या एकदम निघतात.

भट्टीवाला आण्णा
मग 'पॅटर्न म्युझियममध्ये' कशाला लिहिलंस गड्या?

शिरोलीकर
ते जरा जास्तच झालं. मागे घेतो.

कोअरशॉपवाली
मी एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. बाहेरून प्रिंट करून आणलेल्या कोअर आम्ही दोनदा वापरल्या. पहिल्यांदा लोखंड ओतलं आणि वरच्या बाजूला ब्लो होलची (गॅसनं पडलेल्या भोकांची) जत्रा भरली. रेझिन, म्हणजे बाइंडर, जास्त पडलं की ते जळून गॅस होतो, आणि कोअरमध्ये व्हेंट (गॅस जायच्या वाटा) ठेवलेले नसले तर तो धातूतूनच वाट काढतो. दुसऱ्यांदा व्हेंट ड्रॉइंगमध्येच काढून दिले, मग जॉब छान निघाला. आतली वळणावळणाची पाण्याची वाट इतकी स्वच्छ मी हाताच्या कोअरमध्ये कधी बघितली नव्हती.

अडचण पुढं आहे. फ्युरान रेझिन दमट हवेत नीट सेट होत नाही. जुलैत आपल्याकडं भिंतींना पाणी सुटतं, त्यामुळं मशीनची खोली वर्षभर कोरडी ठेवायला लागणार. वाळूही चाळून एकसारख्या दाण्याची हवी. सिंधुदुर्गातल्या कासार्डेची सिलिका वाळू आली तशी ओतून चालायचं नाही. मशीनच्या किमतीत हे कुणी धरत नाही.

उद्यमनगरचा
माझे वडील पॅटर्न मेकर. चाळीस वर्षं सागवान तासलं. त्यांच्या पेटीत दोन पट्ट्या आहेत. एक आपली नेहमीची. दुसरीवर लिहिलंय १००० मिमी, पण ती मोजली तर १०१० भरते. लहानपणी मी ती शाळेत नेली आणि भूमितीत सगळी उत्तरं चुकली, मार खाल्ला. बिडाचं ओतीव थंड होताना साधारण एक टक्का आकसतं म्हणून ती पट्टी मुळातच लांब.

पण एसजीला तो एक टक्का सरळ धरता येत नाही. गोठताना आतलं ग्राफाइट फुगतं, साचा किती कडक आहे त्यावरही ठरतं. लांब चपटा जॉब असला की बाबा पॅटर्नला मुद्दाम उलटा बाक देतात, म्हणजे थंड झाल्यावर तो सरळ येतो. किती बाक द्यायचा ते कुठं लिहिलेलं नाही. प्रिंटरला हे कोण सांगणार?

शिरोलीकर
कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन सांगेल. धातू कुठून भरतो, कुठं शेवटी गोठतो, श्रिंकेज (आकसून होणारी पोकळी) कुठं पडेल, सगळं ओतायच्या आधी पडद्यावर दिसतं.

उद्यमनगरचा
व्हय, आणि त्या सॉफ्टवेअरला वाळूचे आकडे कोण भरून देणार? बरोबर आलेला माहितीपुस्तकातला तक्ता?

कोअरशॉपवाली
हे खरं आहे. आमचं पहिलं सिम्युलेशन अगदी देखणं होतं. त्यात गॅसचा हिशेब कुणी केलाच नव्हता.

पंचगंगेपलीकडचा
तुम्ही सगळे साच्यावर भांडताय, पण साच्यात काय ओतणार ते बोला की. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, म्हणजे ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, मॅनिफोल्ड नाही. टेस्लानं मॉडेल वायचा मागचा तळ सहा हजार टन दाबाच्या प्रेसवर ॲल्युमिनियममध्ये एकसंध ओतला. ॲल्युमिनियमची घनता २.७, बिडाची ७.२ च्या आसपास. वजनाच्या शर्यतीत आपण आधीच मागं.

पैसा घालायचाच तर एडीआयमध्ये, म्हणजे उष्णता देऊन कणखर केलेल्या एसजीमध्ये घाला. तेच एसजी ९०० अंशांच्या आसपास तापवायचं आणि २५० ते ४०० अंशांच्या वितळलेल्या मिठाच्या बाथमध्ये धरून ठेवायचं. ५०० मेगापास्कलचं लोखंड ८०० च्या वर जातं, ग्रेडप्रमाणे १६०० पर्यंतही. फोर्जिंगची (ठोकून घडवायची) कामं ओतून देता येतात आणि वजनही स्टीलपेक्षा दहाएक टक्के कमी.

भट्टीवाला आण्णा
आता बोललास. पण अर्धंच बोललास. बाथमधून आलेल्या जॉबवर टूल टिकत नाहीत, म्हणून मशिनिंग आधी उरकायला लागतं. आणि बाथमध्ये जॉब किंचित वाढतो, तो हिशेब चुकला की बोअर (आतलं भोक) गेला. जाड जॉबला निकेल-कॉपर घालायला लागतं, नाहीतर गाभा कच्चा राहतो. निकेलचा भाव बघितलायस का? बाकी ट्रॅक्टर आणि पंप माझ्या हयातीत तरी लोखंडाचेच राहणार, आणि इलेक्ट्रिक ट्रकलाही ब्रेक लावायलाच लागतो.

पंचगंगेपलीकडचा
तुमच्या हयातीचं ठीक आहे आण्णा, पोराचं काय?

भट्टीवाला आण्णा
पोरगं पुण्यात सॉफ्टवेअरला हाय. जखमेवर मीठ चोळू नकोस, तेही बाथमधलं.

शिरोलीकर
😄 बरं. मशीन घ्यायचं सध्या राहू दे. तसाच दुसरा एक जॉब आलाय, केसिंगच आहे, थोडी लहान. साचा बाहेर प्रिंट करून घेतो आणि ओततो आपल्याकडंच. व्हेंट कुठं ठेवायचे ते ताई, तुम्ही बघाल का? आणि उद्यमनगरकर, आकसण्याचा आकडा मला तक्त्यातला नको, बाबांचा हवा.

कोअरशॉपवाली
रविवारी बघते. मॉडेलची फाइल पाठवा, पीडीएफ नको.

उद्यमनगरचा
फ्लँजची (जोडायच्या कडेची) जाडी आणि बाहेरचा व्यास सांग. बाबा आता झोपलेत, चारला उठले की विचारतो. प्रिंटरचं नाव मात्र काढणार नाही.